केडगावचं दार

आज तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगणार आहे. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तुमच्यातल्या काही जणी तिथून गेल्याही असतील. या केडगावला पंडिता रमाबाईंनी उभारलेलं 'मुक्ती' आहे. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी तिथं आजही निराधार बाया आणि मुली राहतात.

मागे एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या एका बाईचा विषय निघाला. भावाने चार दिवस ठेवलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "परत कधी जाणार?" तेव्हा गटातली एक म्हातारी म्हणाली, "सासरनं काढलं, माहेरानं ठेवलं नाही, मग बाईनं जायचं तरी कुठं?" कोणालाच उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर मला केडगावची आठवण झाली, कारण रमाबाईंनी आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठलाग केला. त्यांना स्वतःला आसरा सापडला तो ख्रिस्ती धर्मात. तो कसा सापडला, त्यासाठी काय सोसावं लागलं आणि त्याच आसऱ्याखाली हजारो बाया कशा आल्या, ते आज पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या घाटावर गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला संस्कृत शिकवायचं म्हणजे त्या काळी पाप. धर्मपंडितांनी त्यांना जाब विचारला, पण शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. रानात घर केलं. पुढे पैसा संपला तसं सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. गावोगावच्या देवळांत पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर पोट भरायचं. रमा आईकडूनच शिकली. थोरल्या बहिणीच्या बालविवाहाचं वाटोळं झालेलं पाहून वडिलांनी हिचं लग्न लहानपणी केलं नाही.

मग दुष्काळ आला. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. भीक मागायची सवय नाही आणि मजुरी कधी केलेली नाही. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, मग बहीण. आई अखेरच्या दिवसांत असताना तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमा शेजारच्या घरी गेली, पण दारात उभी राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही, म्हणून रमा पुढे झाली. उंची कमी पडली, तेव्हा तिने तो भार डोक्यावर घेतला.

मागे राहिली ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून दोघं त्यात झोपली. अंगावर वाळू ओढून घेतली आणि फक्त डोकी बाहेर ठेवली. इतके उपास आणि इतकी तीर्थं करूनही देव पावला नाही, तेव्हा जुन्या श्रद्धेवरचा विश्वास हळूहळू उडत गेला. हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात घडाघडा बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पण पदवीने घर मिळत नाही. १८८० साली भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी आणि प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तुटले. मनोरमा झाली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात पटकीने नवरा गेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या. कडेवर लहान मूल, आणि माहेर-सासर म्हणावं असं कुठेच काही उरलं नाही.

१८८२ साली त्या पुण्याला आल्या. तिथं त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, बायकांना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं मराठीतून ठणकावून सांगितलं. पुण्याने कौतुक केलं, नावंही ठेवली. विधवा असून चारचौघांत भाषण करते, डोक्यावर केस ठेवते, हे अनेकांना सोसलं नाही.

तेव्हाच्या विधवेची स्थिती ज्यांच्या आजीने सांगितली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. नवरा मेला की तो हिच्याच पापाने मेला, मागच्या जन्मी हिनेच काही केलं असेल, असं मानायचे. केस काढायचे, एकवेळचं जेवण, अंगावर आलवण आणि घरातल्या शुभकार्यात समोर यायचं नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरींनाही यातून सूट नव्हती. दोष आपला नाही असं त्या पोरीला सांगणारं घरात कोणी नसायचं.

१८८३ साली रमाबाई डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. पण कान अधू होते, म्हणून ती वाट बंद झाली. वाँटेज नावाच्या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथंच आपला जीव दिला. परका देश, परकी भाषा आणि सोबतीण अशी गेलेली. रमाबाईंच्या मनाचं त्या वेळी काय झालं असेल, याची कल्पना करा.

तिथल्या भगिनींनी त्यांना एकदा लंडनजवळच्या फुलमला नेलं. ज्या बायकांना जग 'पतित' म्हणून टाकून देतं, त्यांना या भगिनी घरात घेत होत्या. त्यांना शिवणकाम, स्वयंपाक शिकवत होत्या आणि त्यांच्याशी प्रेमाने बोलत होत्या. रमाबाईंनी सगळी शास्त्रं वाचली होती, पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट तुम्हाला लगेच समजेल, कारण ती पाणवठ्यावरची आहे. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाणी भरायला येते. ती ज्या लोकांतली आहे, त्यांच्या भांड्यातलं पाणी यहुदी लोक पीत नसत. शिवाय तिचे पाच नवरे झालेले. येशू तिथं बसलेला असतो आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तीच चकित होते की तुम्ही माझ्या हातचं पाणी कसं मागता? पुढे तो तिच्याशी देवाविषयी बोलतो आणि सांगतो की देवाची उपासना करायला अमुक डोंगर किंवा अमुक शहर लागत नाही.

भारतभर तीर्थं करून पाय झिजवलेल्या, विटाळ आणि दोष यांचे चटके सोसलेल्या रमाबाईंच्या काळजाला ही गोष्ट भिडली. जी बाई कोणालाच नको होती, तिच्याशी देव आधी बोलतो. आपली जागा इथं आहे असं त्यांना वाटलं. मराठी घराण्यातले, ख्रिस्ती झालेले विद्वान नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाने मनातल्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात संताप उसळला. जी आपली सरस्वती होती ती परक्यांना मिळाली, असं लोक म्हणू लागले. पण चर्चमध्येही रमाबाई मान खाली घालून राहिल्या नाहीत. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायला त्यांनी नकार दिला. ती भाषा ना माझी, ना माझ्या लोकांची, असं त्यांचं म्हणणं. त्या शाकाहारी राहिल्या आणि पांढरी साडी नेसत राहिल्या. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं बिशपांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी वाद घातला. माझा देवावर विश्वास आहे, म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणा धर्मगुरूच्या हाती दिलेली नाही, असा त्यांचा सूर होता. एका घरातून बाहेर पडून त्या दुसऱ्या घरात आल्या होत्या, पण मिंध्या म्हणून राहायला तयार नव्हत्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. हिंदू विधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली आणि मदत उभी केली. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी 'शारदा सदन' उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं प्रत्येकीला आपापला धर्म आणि आचार पाळायची मोकळीक होती. गोदूबाई ही तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली. कर्व्यांनीही पुढे विधवांसाठी आश्रम काढला.

मात्र त्याच १८९३ साली मोठं वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. 'केसरी'ने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही, पण आलेलीला हाकलणारही नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की जिच्या छपराखाली पोर राहते, जिचं अन्न खाते, तिच्या धर्माकडे ती ओढली जाणारच. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. आपण इतक्या वर्षांनी बोलतो आहोत, तेव्हा दोन्ही ऐकून घ्यायला हरकत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना राहवेना. आपल्या सोळाव्या वर्षाची भूक त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि गरीबखान्यांत तरुण मुलींची अब्रू राहत नव्हती, आणि त्यांना फसवून धंद्याला लावणारी माणसं तिथं फिरत होती. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि बाया आणल्या. कोणाची हाडं मोजता येत होती, कोणी फोडांनी भरली होती, तर कोणाला स्वतःचं गावही सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला रमाबाईंनी आधीच घेऊन ठेवलेली शेतजमीन होती. सगळ्या तिथं गेल्या. सुरुवातीला तंबू आणि गवताच्या झोपड्या, मग विहिरी खणल्या, भिंती उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये 'मुक्ती सदना'ची पायाभरणी झाली. याच सुमारास प्लेगच्या छावण्यांत बायकांची होणारी विटंबना रमाबाईंनी वर्तमानपत्रातून उघड केली आणि गोऱ्या सरकारचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रजांच्या झाल्या नव्हत्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या. केडगावात दीड-दोन हजार माणसं झाली.

विचार करा, दीड-दोन हजार! आपल्या गटात वीस जणींचा चहा करायचा तर आपण पातेलं शोधतो. तिथं रोज दळण, भाकरी, पाणी, कपडे आणि औषध लागायचं. हे सगळं तिथल्या बायाच करायच्या. शेती, गाई-म्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, छापखाना अशी कामं वाटून दिलेली होती. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. फसवल्या गेलेल्या बायांसाठी 'कृपासदन' वेगळं होतं. सकाळी शाळा, मग काम, आणि दिवसाच्या सुरुवातीला व शेवटी प्रार्थना. तिथं अनेक जातींच्या, अनेक भाषांच्या पोरी एका पंगतीत जेवायच्या. जिला घरी 'पांढऱ्या पायाची' म्हणत, ती इथं छापखान्यात खिळे जुळवत होती किंवा दुसरीला वाचायला शिकवत होती.

तिथल्या बहुतेक जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. पोट भरणाऱ्याचा धर्म घेतला, याला निवड म्हणायचं का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उपाशी पोरीपुढे फार वाटा नसतात, हे खरंच आहे. पण ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या पोरींसाठी आपलं दार उघडलं होतं, हेही विचारायला हवं. आणि त्या पोरींना देव कसा समजला असेल? मला वाटतं, आधी तो भाकरीतून समजला, अंगावरच्या फोडांना मलम लावणाऱ्या हातातून समजला. 'तुझ्या पापाने हे झालं नाही' हे वाक्य ऐकल्यावर समजला. १९०५ साली केडगावात प्रार्थनेची मोठी लाट आली. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, अशा पोरी मोठ्या आवाजात देवाशी बोलू लागल्या.

सगळ्यांना ही ओढ अशी लगेच लागली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळं ठेवलं. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच केला आणि एक दिवस ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खाईन, पिईन. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे, तर स्वतःला पटलं म्हणून. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त हे सगळं इतक्या हसऱ्या आणि खऱ्या शब्दांत आलं आहे की गटात वाचायला घ्याच.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं एका कामाला वाहिली. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत आणायचं. पंडितांची भाषा त्यांना अवगत होती, पण त्यांना ते खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरं शिकलेल्या बाईला कळेल असं हवं होतं. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले आणि पानं छापली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक गेली, तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं होत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

मैत्रिणींनो, रमाबाईंचा धर्म तुम्ही घ्यावा म्हणून ही गोष्ट मी सांगितली नाही. तुमच्यातल्या कोणी ख्रिस्ती असतील, कोणी वारकरी, कोणी बौद्ध, कोणी मुसलमान. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या जवळ. पण एका बाईला जगाने सगळीकडून ढकललं, तिला एका श्रद्धेत आसरा मिळाला आणि तो आसरा तिने एकटीसाठी ठेवला नाही, ही आपल्याच मातीतली हकीकत आहे. ती आपल्याला ठाऊक असायला हवी.

त्या म्हातारीचा प्रश्न अजून आपल्यापुढे आहे. पुढच्या बैठकीत तो घ्या. आपल्या गावात एखादीला रात्री घराबाहेर काढलं, तर ती कोणाचं दार वाजवेल? पहिल्या रात्रीची भाकरी कोण देईल? आठ दिवसांनी तिच्या हाताला काम काय असेल? आणि तिची जात, तिचा धर्म, तिच्याविषयीच्या कंड्या न विचारता तिला पंगतीत कोण बसवेल? नावं ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.